पंचगंगेच्या खोऱ्यातील चार आवरणे : प्रकल्प नोंदी

२४ एप्रिल

नववीत जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्षभराच्या प्रकल्पाची आखणी आज पूर्ण झाली. पाठ्यपुस्तकात शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण असे चार स्वतंत्र विभाग आहेत. त्यामुळे मुलांनी साहजिकच चार गट करून चार वह्या घालायचे ठरवले होते. वह्या चारच ठेवू, परंतु प्रत्येक पानावर उजव्या बाजूला एक रुंद रकाना आखून त्याला 'देवाणघेवाण' असे नाव द्यावे, असे मी सुचवले. जे पाहिले ते कोठून आले, कोठे चालले आणि वाटेत त्याचे काय झाले, एवढेच त्या रकान्यात लिहायचे. हवा, पाणी, जमीन आणि सजीव यांची वेगवेगळी माहिती ग्रंथालयातही मिळते; त्यांच्यामधील व्यवहार मात्र जागेवर जाऊनच समजतो, आणि या प्रकल्पाचा भर त्यावरच राहील.

निरीक्षणाच्या जागा अशा ठरल्या : कोल्हापूर शहरातील पंचगंगा घाट, पन्हाळ्याजवळील मसाई पठार, प्रयाग चिखलीच्या परिसरातील काळ्या मातीचे एक रान, आणि शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमीन. पश्चिमेच्या डोंगरापासून पूर्वेच्या सपाटीपर्यंतचा एकच उतार या चार जागांमधून समोर येतो, आणि पाणीही त्याच दिशेने वाहते.

९ मे

संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला. दुपारपर्यंत उन्हाची काहिली होती आणि तीनच्या सुमारास पश्चिमेकडे ढगांचे मनोरे उभे राहू लागले. वातावरण गटाने दर पंधरा मिनिटांनी तापमान आणि वायुदाब नोंदवला. फोनमधील वायुदाबमापकाने समुद्रसपाटीवरील १०१३ हेक्टोपास्कलऐवजी ९५०च्या आसपास आकडा दाखवल्यावर मुलांना प्रथम उपकरणच बिघडल्याची शंका आली. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे आणि तेवढ्या उंचीच्या हवेचा भार आपल्या डोक्यावर नसतो, हे कळल्यावर त्या आकड्याला अर्थ आला.

ढग उभे राहिले ते जमिनीमुळे. सूर्यकिरणांनी हवा थेट फारशी तापत नाही. आधी जमीन तापते आणि तिच्या स्पर्शाने हवा तापून वर जाते. वर जाताना तिचा दाब उतरतो, ती प्रसरण पावून थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे थेंब होतात. थेंब होताना जी उष्णता सुटते, तिचा हिशेब मुलांनी फळ्यावर मांडला. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे शंभर लिटर पाणी. तेवढे बाष्प ढगात द्रवरूप होते, तेव्हा वातावरणात सुमारे ६७ युनिट विजेइतकी उष्णता मोकळी होते. ही सगळी उष्णता कधीतरी समुद्राच्या पृष्ठभागावर किंवा एखाद्या पानावर पाण्याची वाफ होताना खर्ची पडलेली होती. पाण्याबरोबर ऊर्जेचाही प्रवास होतो ही गोष्ट या एका गुणाकाराने मुलांच्या जितकी लक्षात आली, तितकी ती जलचक्राची आकृती काढून येत नाही, असे मला वाटते.

विजा बऱ्याच कडाडल्या. विजेच्या मार्गातील हवा क्षणभर सुमारे तीस हजार अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि एरवी एकमेकांशी संयोग न पावणारे नायट्रोजन व ऑक्सिजन त्या तापमानाला एकत्र येतात. त्यांतून तयार झालेले नायट्रेट पावसाबरोबर जमिनीत उतरते. जमिनीतील सूक्ष्मजीव हेच काम शांतपणे आणि विजांपेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर करतात, याची नोंद जीवावरण गटाने आग्रहाने करून घेतली. पहिल्या सरीनंतर सुटलेला मातीचा वासही त्यांनी आपल्याच वहीत लिहिला, आणि ते योग्यच आहे. त्या वासातील मुख्य घटक म्हणजे जिओस्मिन हे संयुग. ते मातीतील जिवाणू, विशेषतः स्ट्रेप्टोमायसिस वर्गातील, तयार करतात. थेंब कोरड्या मातीवर आदळला की त्याच्या खाली अडकलेल्या हवेचे बारीक बुडबुडे फुटतात आणि हा वास हवेत उडतो.

२१ जून

पाऊस स्थिरावला. शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला असून त्याची नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता घ्यायची आहे. हवामान खातेही दिवसाचा पाऊस याच वेळेपर्यंतचा धरते.

आज वर्गात जिल्ह्याचा पर्जन्य नकाशा पाहिला. गगनबावड्याला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, आणि शिरोळकडे तो त्याच्या जवळपास निम्मा राहतो. गगनबावड्यापासून शहर रस्त्याने साधारण पंचावन्न किलोमीटर आहे. एवढ्या कमी अंतरात इतका फरक पडण्याचे कारण शिलावरणात आहे. अरबी समुद्रावरून आलेली बाष्पाने भरलेली हवा सह्याद्रीच्या कड्याला अडते, तिला वर चढावे लागते, आणि चढता चढताच ती बहुतेक पाणी टाकून देते. घाट उतरून पूर्वेकडे आलेली हवा पुन्हा तापते आणि कोरडी होते. म्हणजे शिरोळच्या शेतकऱ्याच्या वाट्याला येणारा पाऊस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेल्या आणि पुढे झिजून कडा बनलेल्या खडकाने ठरवलेला आहे.

२७ जुलै

शाळेला सुट्टी आहे. नदी पात्राबाहेर आहे आणि मुलांना काठावर जाण्यास पालकांच्या संमतीने सक्त मनाई केली आहे. या आठवड्यात फक्त प्रशासनाने जाहीर केलेली राजाराम बंधाऱ्यावरील पातळी लिहायची आहे. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. वर्गातील अनेक मुलांनी ते स्वतःच्या घरात पाहिलेले आहे.

पुराबद्दल बोलताना जलावरण गटाचा सूर असा होता की, हा विषय पूर्णपणे त्यांचा आहे. त्यांना मी चार प्रश्न दिले. पश्चिमेला पाऊस किती तास आणि किती जोरात पडला, हा वातावरणाचा प्रश्न. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येते आणि तेथून पुढे पात्राचा उतार इतका कमी का होतो, हा जमिनीचा. पंचगंगा जेथे कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णा आधीच भरलेली असेल तर पंचगंगेचे पाणी मागे का फुगते, हा खरोखरच पाण्याचा. आणि डोंगरउतारावर झाडी असेल तर ओढ्याला पाणी उशिरा का येते, नदीकाठच्या सखल भागात बांधकामे आणि भराव झाल्यावर पाणी कोठे पसरते, हे सजीवांचे. त्यांत आपणही आलो. या चारही प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पूर समजला असे म्हणता येणार नाही.

राधानगरी धरणाचाही उल्लेख झाला. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर या धरणाचे काम सुरू केले. त्याची साठवण क्षमता ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. त्यांपैकी कितवा उघडला, याकडे पावसाळ्यात सगळ्या शहराचे लक्ष असते.

१२ ऑगस्ट

पाणी ओसरल्यावर घाटाच्या वरच्या पायरीवरून पालकांच्या मदतीने एक लिटर पाणी आणून काचेच्या बरणीत ठेवले होते. दोन दिवसांत तळाशी तपकिरी गाळाचा थर बसला. वरचे पाणी मात्र आठवड्यानंतरही गढूळ आहे, कारण चिकणमातीचे कण इतके सूक्ष्म असतात की ते सहजासहजी खाली बसत नाहीत. ही माती कोणाच्या तरी रानातून किंवा डोंगरउतारावरून आलेली आहे. त्यातील काही भाग नदीकाठच्या मळीच्या जमिनीवर राहून तिला सुपीक करील आणि उरलेला कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराच्या दिशेने निघेल. वाटेत धरणे त्यातील बराचसा अडवतील.

१४ सप्टेंबर

मसाई पठार. हा दिवस या प्रकल्पातील मला सर्वांत मोलाचा वाटला, म्हणून सविस्तर लिहितो.

पठाराच्या माथ्यावर जांभा खडक आहे. हाताच्या पंज्याएवढा एक तुकडा मुलांनी भिंगाखाली धरला : गंजासारखा तांबूस, ठिकठिकाणी पिवळट डाग आणि आरपार गेलेली वाकडी छिद्रे. हा खडक मुळात काळ्या बेसाल्टचाच आहे. उष्ण आणि दमट हवामानात लाखो वर्षे पाऊस झिरपत राहिला, सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांसारखे द्रव्य पाण्याबरोबर निघून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे तेवढी मागे राहिली. ॲल्युमिनियमचे प्रमाण जेथे फार वाढले तेथे त्याला बॉक्साइट म्हणतात आणि जिल्ह्याच्या पश्चिम भागात त्याच्या खाणी आहेत. शिलावरण गटाने देवाणघेवाणीच्या रकान्यात लिहिले : 'हवेने ऑक्सिजन दिला, पाण्याने बाकीचे नेले.' एका ओळीत इतके नेमके मला लिहिता आले नसते.

जांभ्यावर माती जेमतेम बोटभर जाडीची असते. पावसाळ्यात तिच्यावर पाणी साचते आणि उन्हाळ्यात हाच भाग तव्यासारखा तापतो. अन्नद्रव्ये धुऊन गेलेली असल्यामुळे येथे नायट्रोजनची कायम टंचाई असते. डोक्यावरील हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, परंतु तो वनस्पतींना थेट घेता येत नाही. ही अडचण 'सीतेची आसवे' या छोट्या कीटकभक्षी वनस्पतीने कशी सोडवली, ते पाहण्यासाठी आम्ही ओल्या कातळावर अक्षरशः पालथे झोपलो. निळसर जांभळी फुले वर डोलत असतात. खाली पाण्याने भिजलेल्या मातीत, भिंगाशिवाय दिसणार नाहीत अशा बारीक पिशव्या असतात. पिशवीच्या तोंडाशी असलेल्या केसाला एखाद्या सूक्ष्म जलचराचा धक्का लागला की झडप आत उघडते, पाण्याबरोबर तो जीव आत ओढला जातो आणि झडप मिटते. हे सर्व सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळात घडते. खडकातून जे धुऊन गेले, ते ही वनस्पती प्राण्यांच्या शरीरातून परत मिळवते. मुले फुले तोडतील अशी मला धास्ती होती. एकानेही तोडले नाही, आणि पिशव्या पाहून झाल्यावर उपटलेले ते एकच रोप मुलींनी पुन्हा त्याच जागी दाबून बसवले.

येताना जीवावरण गटाने विचारले की, अशा पठारांवर झाडे लावायला हवीत का. माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे होते. सड्यावरची, म्हणजे अशा कातळाच्या पठारावरची, ही दोन-तीन महिन्यांची जीवसृष्टी उजाड जमीन नसून आपल्या जागी ती परिपूर्ण आहे. खड्डे खणून आणि बाहेरची माती टाकून तिचे नुकसानच होते.

५ ऑक्टोबर

चिखलीच्या परिसरातील काळे रान. मालक काका बांधावर उभे राहून आमच्यासमोर ढेकूळ हातात घेऊन दाबून पाहत होते. कुळव कधी घालणार, असे विचारल्यावर म्हणाले, "अजून वापसा आल्याला न्हाई, सर. आत्ता औत घातलं तर निस्ती ढेकळं निघतील." पाऊस थांबून पाच-सहा दिवस झाले होते, वरून माती सुकलेली दिसत होती, आणि तरीही ते थांबले होते.

ते कशासाठी थांबले होते, हाच पुढच्या तासाभराचा अभ्यास झाला. चांगल्या मातीच्या आकारमानाचा साधारण निम्मा भाग खनिज कणांचा आणि थोड्या सेंद्रिय द्रव्याचा असतो; उरलेला निम्मा भाग पोकळ्यांचा असतो आणि तो पाणी व हवा यांनी वाटून घेतलेला असतो. पोकळ्या पूर्ण पाण्याने भरल्या तर मुळांचा श्वास कोंडतो, आणि पूर्ण हवेने भरल्या तर ती तहानतात. वाफसा म्हणजे या दोहोंचा तोल साधण्याची वेळ. भूगोलाच्या पुस्तकातील चारही आवरणे मला त्या ढेकळात एकत्र दिसली आणि मुलांनाही ती दिसावीत म्हणून मी ते ढेकूळ हातोहात फिरवले. खनिज कण, कणांभोवतीचा ओलावा, फुटल्यावर दिसलेली गांडुळाची वाट, आणि त्या वाटेतून खेळणारी हवा.

मग पत्र्याचा दोन्ही बाजूंनी उघडा डबा आधी सरीत आणि नंतर गवताळ बांधावर ठोकून, त्यात सारखेच पाणी ओतून ते जिरायला लागणारा वेळ मोजला. सरीतले पाणी बराच वेळ तसेच उभे राहिले. बांधावरचे पाहता पाहता जिरले. दोन्हीकडे माती एकच, फरक मुळांचा आणि गांडुळांचा. जीवावरण गटाने प्रथमच पाण्याच्या गटाला आकडे दिले.

खड्ड्याच्या कडेला हातभर खोलीवर पांढरे, वाटाण्याएवढे खडे लागले. त्यांतील एका खड्यावर मुलीने ड्रॉपरने व्हिनेगरचे थेंब टाकले. क्षणभर काही झाले नाही, मग खड्याच्या भेगेतून बारीक फेस आला आणि कानाशी नेल्यावर त्याची चुरचुर ऐकू आली. हा चुनखडीचा खडा होता आणि फेस कार्बन डायऑक्साइडचा. पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळतो. मातीत उतरल्यावर मुळांनी आणि सूक्ष्मजीवांनी सोडलेला आणखी मिसळतो, कारण मातीतील हवेत त्याचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या अनेक पट असते. या सौम्य आम्लाने बेसाल्टमधील कॅल्शियम सुटते, आणि कोरड्या ऋतूत पाणी आटले की ते कार्बोनेटच्या रूपाने साकळते. म्हणजे कधीतरी हवेत असलेला, कदाचित एखाद्या गवताच्या मुळाने सोडलेला कार्बन त्या खड्यात दगड होऊन पडला होता आणि आज तो आमच्यासमोर पुन्हा हवेत गेला. पृथ्वीवरील हवेतला कार्बन डायऑक्साइड लाखो वर्षांच्या कालमानात ज्या प्रक्रियेने आवाक्यात राहिला, तिचे हे अत्यंत छोटे रूप आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी त्याचे हवेतील प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० होते, आज ते ४२०च्या वर आहे. खडकांच्या झिजेचा वेग या वाढीला पुरा पडू शकत नाही.

२९ नोव्हेंबर

गुऱ्हाळ. येथे फारसे नवे मोजता आले नाही, तरी कार्बनचा हिशेब पुढे नेण्यासाठी भेट उपयोगी होती. उसाने वर्षभरात हवेतून घेतलेला कार्बन काहिलीत रसाच्या रूपाने उकळत होता आणि चुलवाणात वाळलेल्या चिपाडांच्या रूपाने जळत होता. रसातील पाण्याची वाफ छपरातून बाहेर पडत होती. गुळव्याने सांगितल्याप्रमाणे राख परत रानात जाते. त्यामुळे पिकाने जमिनीतून उचललेल्या पोटॅशचा काही भाग जमिनीला मिळतो. पाचट जाळण्याबद्दल मुलांनी विचारले, तेव्हा तेथील काही शेतकऱ्यांनी ते आता सरीतच कुजवत असल्याचे सांगितले. जाळल्याने कार्बन एका दुपारी हवेत जातो; कुजवल्याने त्यातील थोडा भाग तरी मातीत टिकतो आणि ओलावाही धरून राहतो.

१८ जानेवारी

शिरोळ तालुका. रानात पांढरा थर पसरलेला होता आणि उसाची वाढ खुरटलेली होती. जमिनीला मिळालेले पाणी मर्यादेपेक्षा जास्त झाले आणि निचरा झाला नाही, तर भूजल वर येते. ते विरघळलेले क्षार घेऊन पृष्ठभागापर्यंत चढते, ऊन आणि वारा पाणी उडवून नेतात आणि क्षार जागेवर राहतात. सोडियम वाढला की मातीच्या कणांची रचना मोडते आणि पोकळ्या बंद होतात. चिखलीच्या ढेकळात जो तोल होता, तो येथे उरलेला नाही. एका आजींनी मूठभर माती मुलांच्या हातावर ठेवून जिभेला लावून पाहायला सांगितले. मी त्यांना थांबवले आणि तीच माती पाण्यात ढवळून क्षारमापकाने मोजली. या भागात जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून क्षारयुक्त पाणी बाहेर काढण्याची कामे झाली आहेत आणि अशी काही राने पुन्हा पिकाखाली आलेली आम्ही पाहिली. ते निचऱ्याचे पाणी पुढे ओढ्यात जाते, ही बाब जलावरण गटाने न विसरता लिहिली.

२ मार्च

नदीवर जलपर्णी पसरली आहे. सांडपाणी आणि शेतातून वाहून आलेली खते यांतील नायट्रोजन व फॉस्फरस हे तिचे अन्न. पानांचा थर दाट झाला की पाण्यात प्रकाश जात नाही, वाऱ्याने पाणी ढवळत नाही, आणि खाली कुजणारे द्रव्य विरघळलेला ऑक्सिजन वापरून टाकते. त्यातच तापमान वाढू लागले आहे : समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सियसच्या स्वच्छ पाण्यात एका लिटरमध्ये सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना तो ७.५ वर येतो. त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर मासे मरतात तेव्हा केवळ त्या दिवशी नदीत काय सोडले एवढेच विचारून भागत नाही. मात्र तो प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

२० मार्च

चारही वह्या आज एकत्र तपासल्या. डावीकडील माहिती प्रत्येक गटाची वेगळी आहे. देवाणघेवाणीच्या रकान्यातील नोंदी मात्र इतक्या वेळा दुसऱ्या वहीकडे बोट दाखवतात की गटांनीच आपसात ठरवून त्या एका मोठ्या कागदावर उतरवल्या. मध्यभागी खोऱ्याचा नकाशा आहे आणि गगनबावड्यापासून नृसिंहवाडीपर्यंत बाण आहेत : बाष्पाचे निळे, मातीचे तपकिरी, कार्बनचे काळे, नायट्रोजनचे हिरवे. सर्वांत जास्त बाण प्रयाग चिखलीच्या रानापाशी मिळाले आहेत.

दोन कामे बाकी आहेत. काकांच्या विहिरीची पातळी मे अखेरपर्यंत दर पंधरवड्याला मोजायची आहे. दोरी आणि वही त्यांच्या मुलाकडे दिली आहे आणि खडूच्या खुणा कशा करायच्या ते त्याला दाखवले आहे. पर्जन्यमापकाची नोंद जूनपासून आठवीतून येणारी मुले घेतील; त्यांना ती पद्धत समजावून सांगण्याची जबाबदारी वातावरण गटातील दोन मुलींनी आपणहून घेतली आहे.